कटिंगच्या टेबलासाठी अर्ज

३ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ह्यांचं दुखणं एकदाचं संपलं. आता स्वतःचा चहा स्वतः करतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात. म्हणून सहा वर्षांनी जुन्या शिवणकारखान्यात परत जायचं म्हणते. पण नव्या मालकीणबाईंचा नियम असा, की मध्ये खंड पडला तर धागे तोडायच्या बाकापासून सुरुवात करायची. मी तिथली कटर होते रे! मला माझं कटिंगचं टेबल हवंय.

अर्ज इंग्रजीत लागतो. शेजारची मुलगी म्हणते, ‘रीस्टार्ट’ लिहा. तू जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलीस, तूच सांग. मसुदा सोबत आहे. खरं सांगू, हात विसरला असेल अशी धास्ती वाटते.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.
तुझी,
कात्री

९ जून

चि. कात्रीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मुलीला माझा कोपरापासून नमस्कार. ‘रीस्टार्ट’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तुला हवाय ‘रिझ्यूम’, म्हणजे थांबलो तिथून पुढे. पावसाने अडलेला सामना ‘रिझ्यूम’ होतो, तेव्हा फलकावरच्या धावा कोणी पुसत नाही. कटर म्हणून काम ‘रिझ्यूम’ करायचंय, असं ठणकावून लिही. मसुद्यातल्या सात चुका दुरुस्त केल्यात.

धास्तीचं म्हणशील, तर लहानपणी माझ्या नव्या सदऱ्यावर कात्री चालवताना कुठे घाबरली होतीस?

तुझ्या वहिनीचेही आशीर्वाद.
दादा

२० जून

ती. स्व. दादास,
नमस्कार मागून, आधी बातमी. जिंकले!

मालकीणबाईंनी तो शब्द दोनदा वाचला आणि म्हणाल्या, थांबलात तिथून पुढे म्हणताय, तर दाखवा. टेबलावर मखमलीचे थर पसरलेले, तरणा कटर सुरी चालवायच्या बेतात. मी कापडावरून तळवा फिरवला आणि ओरडलेच. कापड वाचवायला त्याने कागदी नमुने उलटसुलट मांडले होते. मखमलीची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच कोटाची एक बाही गडद, दुसरी फिकी. बाईंना पटेना. दोन चिंध्या उलटसुलट धरून त्यांना खिडकीशी नेलं, तेव्हा कुठे पटलं. त्या कटरने तर कपाळावर हात मारला.

नमुने मी नव्याने मांडले, खडू मारला, सुरी चालवली. हात काही म्हणता काही विसरला नव्हता, दादा. सोमवारपासून टेबल माझं! इतका आनंद झालाय, की जेवणसुद्धा सुचत नाही.

निघताना धाग्यांच्या बाकावरच्या दोघींनी मला अडवलं. बाळंतपणानंतर परत आलेल्या, मूळच्या शिलाई मशीनवरच्या. त्यांनी तो शब्द माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. उद्या त्याही अर्ज देणार आहेत.

असाच लोभ ठेव आणि माझ्या चुका काढत राहा.
तुझी,
कात्री