दोहा किंगची हाउजी

शुक्रवार, ६ जानेवारी २००६. संध्याकाळ.

राजीनामा दिला. दोह्याच्या वसईकर मंडळाच्या हाउजीचा कॉलर, म्हणजे नंबर पुकारणारा, म्हणून सात वर्षं सेवा केली, आता पुरे. राजीनामा तसा कुणी मागितला नव्हता. सेक्रेटरी डेरिक एवढंच म्हणाला की ऑल्विन, पुढच्या वेळी तू आरामात बसून खेळ, नंबर जेनिफर बोलेल. मी लगेच ओळखलं, ह्यात मत्सर आहे.

आरोप काय, तर एक गेम पावणेदोन तास चालला. चालणारच. मी नुसता नंबर बोलत नाही, त्याला अर्थ देतो. सात निघाला तेव्हा सातही संस्कार थोडक्यात सांगितले. दहाला दहा आज्ञा. चौदाला क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं सुरू केली, तर चौथ्या स्थानाला फादर मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. मोबाइल वाजला नव्हता. पुढच्या रांगेतलं बाळ गेम सुरू होताना झोपलेलं होतं आणि संपतानाही झोपलेलं होतं, पण मध्ये एकदा उठून जेवून गेलं, असं माझी बायको जुलिया सगळ्यांना सांगत होती.

जेनिफर चोवीस वर्षांची नर्स. ती काय बोलणार? ओपीडीत टोकन पुकारतात तसं पुकारेल.

संकल्प: मंडळ माफी मागायला घरी येईपर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही.

शनिवार, ७ जानेवारी.

मंडळ आलं नाही. पार्किंग मिळालं नसेल. आमच्या मदिनत खलीफा भागात शनिवारी कठीणच.

सोमवार, ९ जानेवारी.

क्रांतिकारक शोध. इंटरनेटवर हाउजी आहे! तिकडे बिंगो म्हणतात. पैसे लावायच्या साइट इथे उघडतच नाहीत. ही फुकटवाली उघडली. नुसते पॉइंट मिळतात. म्हणजे जुगार नाही, कायदाही खूश, फादरही खूश.

मी नाव घेतलं ‘दोहा किंग’. आत गेल्या गेल्या मॅगी नावाच्या बाईंनी लिहिलं, वेलकम, डार्लिंग. बाई तिथल्या यजमानीण आहेत, राहतात इंग्लंडला. मंडळात सात वर्षांत मला कुणी डार्लिंग म्हटलं नाही. घरात सोळा.

बुधवार, ११ जानेवारी. दुपार, ईदची सुट्टी.

तुलना करून ठेवतो, पुढे मंडळाला दाखवायला उपयोगी पडेल.

हॉलमध्ये शर्टाला इस्त्री लागते. इथे शर्टच लागत नाही. हॉलमध्ये माइक कुईं करतो, मागच्या बाया ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ करतात, समोशाचं तेल तिकिटावर पडून नंबर पारदर्शक होतात. इथे दर तीन सेकंदाला नंबर येतो, कॉम्प्युटर तो स्वतःच खोडतो, आणि फुल हाउस झालं की घंटा वाजते, फटाके उडतात. आपण फक्त चहा प्यायचा. दुपारपासून बावीस गेम झाले. हॉलमध्ये बावीस गेमला मला चार वर्षं लागली होती.

मुलीला, ऑलिव्हियाला, होमवर्कसाठी कॉम्प्युटर हवा होता. तेराव्या वर्षी हाताने लिहायची सवय चांगली, असं तिला समजावलं. तिने ‘व्हॉटएव्हर’ म्हटलं. म्हणजे पटलं.

शुक्रवार, २० जानेवारी.

चर्चमधल्या मिस्सेनंतर मी थेट घरी. जुलिया आणि ऑलिव्हिया हाउजीला थांबल्या. परत आल्यावर मी सहज विचारलं, माझ्याबद्दल कुणी काही विचारलं का. जुलिया म्हणाली, हो, हॉलच्या वॉचमनने, कमालने विचारलं, की ते लांब बोलणारे साहेब आजारी आहेत का, आज आपल्याला वेळेत कुलूप लावता आलं.

पाहा. बाहेरच्या माणसालाही पोकळी जाणवते.

रविवार, २२ जानेवारी.

ऑफिसात मुनाफभाईंना ऑनलाइन बिंगो समजावला. आमच्या शिपिंग कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसतो. ते रत्नागिरीचे, मितभाषी. त्यांनी विचारलं, पैसे लावतोस? मी म्हटलं, नाही. नंबर तू खोडतोस? म्हटलं, नाही, आपोआप. जिंकल्यावर ओरडतोस? नाही, घंटा वाजते. मुनाफभाईंनी बराच विचार केला. मग म्हणाले, मग तू तिथं कशाला लागतोस?

कोकणी माणसाला टेक्नॉलॉजी हळूहळू समजते.

बुधवार, १ फेब्रुवारी.

माझी ‘गोल्ड मेंबर’ म्हणून नेमणूक झाली. पॉइंट खर्चून साइटवरच्या माझ्या चित्राला एक टोपी घेतली. घरात दाखवली. ऑलिव्हिया म्हणाली, डॅड, इट्स अ हॅट ऑन अ कार्टून. जुलिया म्हणाली, खरी टोपी घेतली असती तर ऊन तरी लागलं नसतं.

तिचा मूड बरा नाही. मेमध्ये गावी, वसईत गिरिजला, तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. कंपनीकडून गावी जायचं विमानाचं तिकीट आम्हाला पुढच्या वर्षी मिळणार. गेल्या वर्षी मिळालं होतं त्याचे मी रोख पैसे घेतले, त्यातून हा कॉम्प्युटर आला. तेव्हा मी तिला शब्द दिला होता की लग्नाला मी तुला पाठवतोच, कसं ते माझ्यावर सोड. तिने सोडलं. अजून माझ्यावरच आहे.

संकल्प: तिकिटाचं उद्यापासून बघायचं.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी.

जेनिफरची आज ड्युटी होती. हाउजी रद्द होईल, मला फोन येईल, म्हणून मी मोबाइल चार्ज करून कपडे घालून बसलो होतो. पाच गेम कपड्यांतच खेळलो.

संध्याकाळी ऑलिव्हिया नाचत आली. कॉलर म्हणून आईला उभं केलं! डेरिकने माइक हातात दिला, ती नको नको म्हणाली, आणि मग म्हणे हॉल हसून हसून आडवा. एक निघाला तर म्हणाली, ‘एक, आमच्या अख्ख्या विलातला गीझर’. नव्वदला, ‘फादरचं प्रवचन, मिनिटांत’. फादर स्वतः हसले. चव्वेचाळीस, ‘ऑल्विनचं वय’. मग एकोणचाळीस निघाला. ‘ऑल्विन सांगतो ते वय’.

ह्याला कॉलिंग म्हणत नाहीत. ह्याला बदनामी म्हणतात. जुलियाला तसं सांगितलं. ती डोळे पुसत हसत होती. मी सोळा वर्षांत तिला असं हसताना पाहिलं आहे की नाही, आठवत नाही. पाहिलं असणारच.

मंगळवार, ७ फेब्रुवारी.

मॅगीजवळ मन मोकळं केलं. लिहिलं, की माझ्या बायकोने माझी जागा घेतली. मॅगी म्हणाली, गुड लक, डार्लिंग. इंग्रज माणूस कमी शब्दांत खूप सांगतो.

ऑलिव्हिया मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, ती माणूस नाही, प्रोग्राम आहे. मी हसलो. तिने मला बाजूला करून टाइप केलं: ‘मॅगी, तू बटाटा आहेस’. उत्तर आलं, गुड लक, डार्लिंग.

ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सुसंस्कृत बाई लहान मुलीशी वाद घालणार आहे का?

तरी आज दोनच गेम खेळलो.

गुरुवार, १६ फेब्रुवारी.

डेरिकचा फोन! मी तिसऱ्या रिंगला उचलला, घाई दिसू नये म्हणून. त्याला जुलियाशी बोलायचं होतं.

उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार, २४ तारखेला, मोठी हाउजी. फुल हाउसला बक्षीस म्हणून मुंबईचं जाऊन-येऊन विमानाचं तिकीट. मंडळाच्या एका ट्रॅव्हल एजंटने दिलं आहे. कॉलर जुलियाच. म्हणजे तिला खेळता येणार नाही.

म्हणजे खेळायचं मला.

जुलिया इस्त्री करता करता एवढंच म्हणाली, की ये, सगळे विचारतात. कोण विचारतात, ते विचारलं नाही.

संकल्प: हॉलवरचा बहिष्कार एका दिवसापुरता शिथिल. तत्त्व कायम.

गुरुवार, २३ फेब्रुवारी.

आठ दिवस कसून सराव. दोनशे सहा गेम, त्यात अकरा फुल हाउस. माझ्याएवढा तयारीचा खेळाडू उद्या हॉलमध्ये नसेल. बाकीचे बिचारे नुसते पेन्सिल घेऊन येतील. जुलियाला सांगून टाकलं, की बॅग भरायला घे. ती म्हणाली, आधी जिंक.

शनिवार, २५ फेब्रुवारी. सकाळ.

जे झालं ते लिहितो.

हॉल भरलेला. जुलिया स्टेजवर, निळ्या ड्रेसमध्ये. ऑलिव्हिया तिच्याशेजारी पिशवीतून नंबर काढत होती. मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत, स्टेजवरून नीट दिसेन असा. माझ्या बाजूला फिलिप बसला. नजमा भागात आठ जणांच्या खोलीत राहतो, एसी मेकॅनिक आहे. पेन्सिल नव्हती, मी माझी जास्तीची दिली.

जुलिया चांगली बोलते. लिहायला काय हरकत आहे, हे कोण वाचणार? पटापट बोलते, एक टोला हाणते, पुढे जाते. माझ्यावर तीन टोले झाले. तिसऱ्याला मीही हसलो, आजूबाजूला बघून.

आणि तिकीट जमत गेलं. पेन्सिलीने खोडायला लागत होतं तेवढाच त्रास. तेरा झाले. चौदा. एकच राहिला, एकसष्ट.

‘एकसष्ट,’ जुलिया म्हणाली. ‘सहा, एक.’

खोडला. पंधराही नंबर गेले. मी पेन्सिल खाली ठेवली, हात बांधले आणि बसलो.

जुलियाने पुन्हा म्हटलं, ‘एकसष्ट. सहा, एक.’ मग पाणी प्यायली. मग अठ्ठावीस. मग परत पाणी. मग पाच. पाचाला शेजारून फिलिप एवढ्या मोठ्याने ओरडला की मी खुर्चीसकट सरकलो. तेव्हा मला कळलं की मी फटाक्यांची वाट बघत होतो.

नंबर निघाल्यावर लगेच ओरडायचं, पुढचा निघाला की हक्क गेला. हा नियम सात वर्षं मीच माइकवरून वाचून दाखवत होतो.

फिलिपला स्टेजवर बोलताच आलं नाही. तीन वर्षांत घरी गेलेला नाही, आणि घरी अडीच वर्षांची मुलगी आहे. त्याने तिला फोटोतच पाहिलंय. फादरनी त्याला धरलं होतं. लोक डोळे पुसत होते. जुलियाही पुसत होती, पण तिचं कशासाठी ते मला कळत नव्हतं.

घरी जाताना गाडीत रमादा सिग्नलला मी घसा साफ केला आणि सांगितलं, की माझं फुल हाउस आधीच झालं होतं, पण फिलिपकडे बघून मी मुद्दाम ओरडलो नाही. माणुसकी म्हणून. मागून ऑलिव्हियाने ‘रिअली, डॅड?’ असं विचारलं, आणि क्षणभर माझा स्वतःचाही विश्वास बसला.

जुलिया समोर बघत होती. म्हणाली, ‘एकसष्टला तू पेन्सिल ठेवलीस आणि लग्नातल्या नवऱ्यासारखा हात बांधून बसलास. मी दोनदा बोलले. अर्धी बाटली पाणी प्यायले. कॉलरला आणखी काय करता येतं? काय बघत होतास तू?’

मी म्हटलं, ‘घंटा वाजेल असं वाटलं.’

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, आणि थोडी रडतही असावी. पण ती हसत होती. ऑलिव्हियाही हसायला लागली. सिग्नल हिरवा झाला, मागचा लँडक्रूझरवाला हॉर्न देत राहिला.

आज सकाळी मी तिला सांगितलं, की तिकिटाचं मी बघतो, कॉम्प्युटर विकून टाकतो. तिने मान हलवली. म्हणाली, कालच डेरिकला विचारलं, तो पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर विकत घेऊन जाईल. मग मी म्हटलं, मेमध्ये तू गावी गेलीस की मंडळाला कॉलर लागेलच. ती म्हणाली, हो, जेनिफर आहे. मी विचारलं, जेनिफरला ड्युटी लागली तर?

तर फिलिप, म्हणाली. तो मोठ्याने ओरडतो.