पैलवानाच्या कानाचं माप

कोल्हापूर,
४ ऑगस्ट २०२५

चि. निशिगंधा हिस,
आत्याचे अ. आ. व जयभीम.

तुझा हेडफोन काल मिळाला, सोबतची चिठ्ठीही वाचली. म्हणजे डोक्यावरच्या पट्टीवर तू जी चक्री बसवलीस, जिने कानावरचा दाब कमीजास्त करता येतो, तीच तुझ्या कंपनीला काढून टाकायची आहे. एकच दाब सगळ्यांना चालतो म्हणे. हे ठरवलं कसं, तर ऑफिसातल्या पोरांच्या डोक्यांवर चाचणी घेऊन. सगळे तिशीच्या आतले, सगळे पुरुष, एकालाही अंबाडा नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी डोक्याला हेडसेट आवळून काढली. माझ्या अंबाड्याचं आणि चष्म्याच्या काड्यांचं काय होतं, हे सरकारने मला कधी विचारलं नाही. आता सख्ख्या भाचीची कंपनीही विचारणार नाही.

मी तो दिवसभर घातला. चक्री थोडी सैल केल्यावर चष्मा लावूनही टोचला नाही. पण माझ्या एकटीच्या मताला कोण विचारतो? कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, तक्रार करायची तर पुराव्यानिशी आणि ताठ बसून. म्हणून पुरावा गोळा करणार आहे.

आमच्या खात्यातले लाइनमन आकाराम वस्ताद तुला आठवतात का? शिवाजी पेठेतले, जुने पैलवान. कुस्त्या खेळून त्यांचे दोन्ही कान मोडले, फुगून गाठीसारखे टणक झाले. तालमीत अशा कानांना मान असतो, पण हेडफोनची गादी त्यांच्यावर दाबली की वस्ताद कळवळतात. नात बारावीला, त्यामुळे घरातला टीव्ही मुका. वस्ताद आवाजाविना कुस्त्या बघत बसतात. त्यांच्या कानाला जे बसेल ते कोणालाही बसेल. नेऊ का?

उत्तर कागदावरच दे. दुसऱ्यांचे फोन जोडून जोडून मला त्या यंत्राचा वीट आलाय. वेळेवर जेव आणि आत्यावर माया राहू दे.

तुझी,
आक्काताई आत्या


पुणे,
७ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि जयभीम.

ने, पण जपून ने. हा एकच नमुना आहे, मी हाताने जोडलेला, आणि अठरा तारखेला बैठक आहे. आमचे साहेब धैर्यशीलराव म्हणतात, चक्री म्हणजे एक भाग जास्त, एक बिघाड जास्त, आणि ती फिरवणार कोण? चक्री गेली तर दोन वर्षांचं काम गेलं आणि मला चार्जरच्या विभागात बसवतील. मला चार्जर आवडत नाहीत, आत्या.

वस्तादांना सांग, चक्री दोन बोटांनीच फिरवायची. गादीची बिजागरी मी मुद्दाम घट्ट ठेवलीय, हलली तर दाब अचूक मोजता येत नाही.

आई म्हणते, आत्याने बॉबकट केला तर अर्धा प्रश्न सुटेल. मी फक्त निरोप पोचवते.

इथे सगळे बरे. तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा आहे.

तुझी,
निशिगंधा


कोल्हापूर,
११ ऑगस्ट २०२५

चि. निशिगंधा हिस,
अ. आ. व जयभीम.

आधी खाली बस. हेडफोन मोडला.

दोन बोटांनी, असं मी बजावलं होतं. पैलवानाच्या दोन बोटांचा अंदाज ना तुला, ना मला. बरं वाटेपर्यंत सैल करा म्हटलं. चक्री शेवटाला येऊन अडली. अडली म्हटल्यावर माणूस थांबतो. वस्ताद म्हणाले, झोंबतीय की ही, आणि मनगट लावलं. कट्ट. चक्री शाबूत, पण आतली तार ओढली गेली आणि डाव्या गादीची बिजागरी निखळली. गादी लोंबायला लागली. मी त्यांना दोन भाषांत बोलले. त्यांची सूनबाई चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली.

वस्ताद इतके ओशाळले की सांधा बसतोय का हे बघायला तो मोडका हेडफोन त्यांनी डोक्यावर चढवला. आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं कान दुखावला. पण ती लोंबती गादी आपसूक तिरकी होऊन कानामागच्या हाडावर टेकली होती. कानावर भारच नाही. मी घाईने टीव्हीवर कुस्ती लावली. थोड्या वेळाने वस्ताद म्हणाले, बाई, लय वर्सांनी हलगी ऐकली. ही दुसरी बाजूबी मोडून टाकू का? मी त्यांचे हात धरून ठेवले.

तेव्हा तुझी ती घट्ट बिजागरीच चुकली आहे. रागवायचं तर रागव, पण कान म्हणजे वजनकाटा नव्हे. मोडका नमुना आजच स्पीड पोस्टाने पाठवतेय. बिजागरी पुन्हा घट्ट केलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझ्या आईला कळव, बॉबकट मी चौथीत केला होता आणि तेव्हाही तो तिच्या अंबाडीच्या भाजीपेक्षा बरा होता.

धीर सोडू नकोस. मी तुझ्या बाजूने आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या


पुणे,
२० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि जयभीम.

पार्सल उघडलं तेव्हा आधी रडले. मग हेडफोन घालून बघितला आणि उजवी बिजागरीही सैल केली. आत्या, दोन वर्षं मी दाब किती हे मोजत बसले, तो पडतो कुठे हे बघितलंच नाही. गादी मोकळी असली की कानाच्या कडेने हाडावर पसरते, आणि मग चक्री खूप सैल केली तरी हेडफोन घसरत नाही. एकटी चक्री खरंच कमी पडत होती. साहेब अगदीच चुकले नव्हते.

बैठकीत डाव्या बाजूला चिकटपट्टी लावलेला नमुना ठेवला. सगळे हसले. धैर्यशीलराव नेहमीप्रमाणे चष्मा काढायला लागले. हेडफोन घालायचा तर चष्मा काढावाच लागतो, हे त्यांनी इतकं गृहीत धरलंय की कधी बोललेही नाहीत. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी चक्री घट्ट केली, सैल केली, पुन्हा जराशी सैल केली. मग समोरचे कागद वाचले, चहा घेतला, दुसऱ्या विषयाची बैठक घेतली. हेडफोन डोक्यावरच. शेवटी मीच मागितला, तर म्हणाले, चक्री राहू दे, बिजागरी मोकळी करा, आणि पुढची चाचणी या इमारतीबाहेर घ्या.

मला नीट झोप येत नाहीये, आनंदाने. वस्तादांना माझा नमस्कार सांग. पहिला नवा नमुना त्यांचा. तुझा आशीर्वाद आहे, तो तसाच असू दे.

तुझी,
निशिगंधा


कोल्हापूर,
२ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा हिस,
अ. आ. व जयभीम.

नवा नमुना मी स्वतः शिवाजी पेठेत नेऊन दिला. दोन्ही कानांवर असा बसला की वस्ताद आरशासमोरून हलेनात. टीव्ही मुका, नात पुस्तकात, सगळं तुझ्या मनासारखं.

मग कुस्ती रंगली आणि वस्ताद ओरडले. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज केवढा हे कळत नाही, हे तुझ्या कंपनीत कोणी मोजलं होतं? त्यांना वाटत होतं आपण पुटपुटतोय. पट काढ म्हणून दिलेली हाळी रंकाळ्यापर्यंत गेली असेल. नात पुस्तकं उचलून गच्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी सूनबाईने वस्तादांना हेडफोनसकट माझ्या घरी धाडलं.

आता ते रोज संध्याकाळी येतात. टीव्ही माझा, आवाज त्यांच्या एकट्याच्या कानात. कोणी कोणाला कुठल्या डावावर आपटलं, ते मला त्यांच्या ओरडण्यावरून कळतं. काल मी म्हटलं, या घरात कोणी बारावीला नाही, टीव्हीचा आवाजच मोठा करते. तर हेडफोनवर हात ठेवून म्हणाले, बसा की बाई, मग ह्यो काढाय लागंल.

बसले.

दिवाळी नुकतीच झाली, आता निदान अंग टाकायला तरी ये. तुझी वाट बघणारी,

आत्या