याद्विगा ग्रिन्केविच यांच्या गोळ्यांबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
तपास कैदी तुरुंग,
झारेचन्स्क, बेलारूस.

विषय : महिला कैदी याद्विगा ग्रिन्केविच यांच्यासाठी, नातेवाईक नसलेल्या इसमाकडून औषध स्वीकारणेबाबत.
संदर्भ : खिडकी क्र. २ वर काल मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

मी खाली सही करणार, भूगोलाचा निवृत्त शिक्षक असून इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात बरीच वर्षे विनामोबदला लिहितो. श्रीमती ग्रिन्केविच, पेशाने पशुवैद्य, याही तेथेच लिहीत. शेजारच्या देशातील लढाईवरील लेखात 'युद्ध' हा शब्द व मेलेल्या नागरिकांचा आकडा दिल्यावरून मार्चपासून त्या आपल्या ताब्यात आहेत.

२. आमची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. तेथे सारे टोपणनावाने वावरतात. त्या माझी वाक्ये खोडत, "याला पुरावा कुठाय?" असे विचारत, आणि मी चिडत असे. माझी पत्नी वारली तेव्हा मी लिहिणे सोडले. त्यांनी निरोप ठेवला : "तुमच्या नदीच्या लेखाला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. सावकाश या." त्या निरोपावर मी परतलो. त्यांचे नाव आणि चेहरा मला प्रथम टीव्हीवर कळला. मान खाली घालून त्या कागदावरची माफी वाचत होत्या. पुराव्याशिवाय एक ओळ न मानणारी बाई ती. मला टीव्ही बंद करण्याचेही सुचले नाही.

३. त्यांची थायरॉईड ग्रंथी काढलेली असून गोळी रोज लागते, असे त्यांच्या दवाखान्यातील मदतनीस बाईंकडून समजले. त्यांची आई हिवाळ्यात वारली, दुसरे कोणी नाही. खिडकीवरील बाईंनी "तुम्ही तिचे कोण?" असे विचारले. मी गोळ्यांची पाकिटेच पुढे सरकवली. रांगेतले दोघे हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, "आजोबा, घरी जा. ओळख सांगितलीत तर तुमचंही नाव लिहावं लागेल मला."

४. तरी नाव लिहावे. ज्ञानकोशातील 'करडा बगळा' तो मीच. टीव्हीवर त्यांचा गुन्हा म्हणून जो परिच्छेद दाखवला, तो मी लिहिलेला आहे. त्यांनी फक्त पुरावे जोडले. लेखाच्या जुन्या आवृत्त्यांत हे तपासता येईल. एक परिच्छेद आम्ही दोघांनी मिळून लिहिला, एवढे नाते पुरेसे धरावे, ही विनंती.

५. यावरून मला अटक करणे भाग पडल्यास माझी हरकत नाही. मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो आहे. फक्त आधी गोळ्या आत पाठवाव्यात. माझी चौकशी नंतर झाली तरी चालेल.

आपल्या निर्णयाची वाट पाहत,

काझिमिर शातेर्निक
१९ एप्रिल २०२२

सोबत :
गोळ्यांची दोन पाकिटे.
डॉक्टरांची चिठ्ठी.
लोकरी मोजे, एक जोड. पायाचे माप ठाऊक नसल्याने मोठेच आणले आहेत.