पुढच्या वर्षी मोकळं होणारं घर

प्रिय बाळ,

काल तू पाठवलेला दलाल आला होता. टेप लावून त्याने बाल्कनीसुद्धा मोजली. मी चहा टाकायला उठले, तर म्हणाला, "राहू द्या मावशी, दगदग नको. डॉक्टरसाहेब म्हणाले, आत्ता विकायचं नाही, पुढच्या वर्षी घर मोकळं होईल. तुम्ही त्यांच्याकडेच राहायला जाणार ना?"

मी हो म्हटलं. तुझ्या घरी मला जागा नाही, हे तूच सांगितलं आहेस. मग माझं घर मोकळं कसं होणार, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

माझे रिपोर्ट वाचून तू फोनवर म्हणालास, "काही नाही गं आई, वयाचं आहे." लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत. आईला सांगवलं नाही, हे मी समजू शकते. पण दलालाला सांगवलं?

घर माझ्या नावावर आहे. ते आत्ताच विकायचं, असं मी त्याला सांगितलं. उरलेलं वर्ष मी समुद्रासमोर भाड्याची खोली घेऊन राहीन. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. दारावर विक्रीची पाटी लागली, की तुला कोणीतरी कळवेलच.

तुझी,
अजून हिंडतीफिरती आई