खारट मुका

१७ मार्च, सोमवार
सिया साडेनऊलाच शाळेतून परत. पहिलीतली पोर, उन्हातून एकटी. वर्गात खोकला आला म्हणून मु.अ.नी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, घरी पाठवली. हातात चिठ्ठी: टीबी नसल्याचा डॉक्टरांचा कागद आणावा, तोवर बसवता येणार नाही. सोबत कुणी द्यायचं सुचलं नाही त्यांना. कपाळावर वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ. मीठ-साखरेचं पाणी पाजलं. म्हणते, "मम्मी, आज कविता म्हणायचा नंबर माझा होता."
चिठ्ठी फाडणार होते. ठेवली.

१८ मार्च
टीबी नाही. नव्हताच कधी. मोताळ्याच्या डॉक्टरांनी सहा महिने गोळ्या दिल्या, गावभर झालं, आणि खोकला होता तिथेच. खरं काय ते जानेवारीत संभाजीनगरला घामाची तपासणी केली तेव्हा कळलं. सिस्टिक फायब्रोसिस. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. अंगातला जो ओलावा पातळ असायला हवा, तो हिच्यात घट्ट, चिकट होतो. छातीत साचतो, जंतू तिथे मुक्काम करतात, म्हणून खोकला. पोटात अन्न पचवणारा रस वाटेतच अडकतो, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. घामातून मीठ फार जातं. आजार जन्माचा. खोकल्याने दुसऱ्याला लागत नाही.
एवढं मला कळलं, बारावी पास अंगणवाडीवालीला. मु.अ. बी.एड. आहेत.

२० मार्च, गुरुवार
अंगणवाडीत वजनं घेतली. काटा हातात घेतला की जुनं आठवतं. सिया तीन वर्षं माझ्याच अंगणवाडीत, माझ्याच तक्त्यावर, लाल पट्ट्यात. सुपरवायझर मॅडम सगळ्या बायांसमोर म्हणाल्या होत्या, "स्वतःची मुलगी कुपोषित, अन् तुम्ही दुसऱ्यांना आहार शिकवता?" मी मान खाली घातली. अजून राग येतो, त्या मानेचाच.
आणि तिला तेलकट शी होते म्हणून तूप-तेल बंद कुणी केलं? मी. प्रशिक्षण घेतलेली मी. तिला दुप्पट तूप हवं होतं आणि प्रत्येक खाण्यासोबत पचनाची कॅप्सूल. तीन वर्षं मीच पोरीला
जाऊ दे.

२१ मार्च
दुपारी आ.बाई, म्हणजे सासूबाई, मीठ-मोहरी घेऊन सियाची दृष्ट काढत बसल्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आत्याबाई, ते मीठ चुलीत घालण्यापेक्षा तिच्या ताकात घाला.
त्या थांबल्या. "म्या तं तवाच सांगतलं होतं, पोरीचा मुका खारट लागते. तू हासली होती मले."
हसले होते. सिया तेव्हा सहा महिन्यांची. मी म्हटलं होतं, तुमच्याच ओठाला लोणचं लागलं असेल. संभाजीनगरच्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, मुका खारट लागतो का? म्हणजे घरात एकीला कळलं होतं, आणि शिकलेल्या सुनेने ते हसण्यावारी नेलं.
पण याच आ.बाई जानेवारीपासून येईल त्याला सांगतात, "आमच्या खानदानात असं कोनालेच नाही." मॅडमनी ह्यांच्यासमोर सांगितलंय, आई आणि बाप दोघांकडून येतं तेव्हाच होतं. हे मात्र घरी गप्प. मोटार वाइंडिंगच्या दुकानात दिवसभर तोंड चालतं, आईसमोर कुलूप.

२४ मार्च, सोमवार
मोताळ्याला डॉक्टरांकडे. मु.अ.ना संभाजीनगरचा इंग्रजी रिपोर्ट चालत नाही, इथला शिक्का हवा. डॉक्टर म्हणाले, "टीबी नव्हता असं मी कसं लिहिणार? औषध मीच दिलंय ना." मग लिहून दिलं: टीबी पूर्ण बरा झाला आहे, शाळेत बसवण्यास हरकत नाही. "तुमचं काम झाल्याशी मतलब."
कागद घेतला. थँक्यू पण म्हटलं. काय म्हणावं मला!

२५ मार्च
हे म्हणतात, "देऊन टाक ना तो कागद. पोरगी उद्या शाळेत बसते. काऊन वाढवून राह्यली?"
बसेल. आणि परवा खोकलेल, खोकणारच, की म्हणतील टीबी उलटला. डब्याआधी कॅप्सूल का, पाण्यात मीठ का, हे मग कोण ऐकणार? सकाळ-संध्याकाळ तिला पालथी घालून पाठ थोपटते, कफ सुटावा म्हणून, तर शेजारीण म्हणते मी लेकराला मारते.
शेवटी मीच मराठीत एक पान लिहिलं, शाळेसाठी. काय आहे, काय नाही, काय द्यायचं. 'आई आणि वडील दोघांकडून' खाली रेघ मारली. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आ.बाई लसूण सोलत होत्या. हातही थांबला नाही त्यांचा.

२७ मार्च, गुरुवार
डॉक्टरांचा कागद घरीच ठेवला. माझं पान, रिपोर्ट आणि सिया घेऊन शाळेत. आ.बाई न बोलावता मागून आल्या.
मु.अ. पान वाचेनात. रुमाल नाकाला. "ताई, बाकीच्या पालकांना मी काय सांगू?"
आ.बाईंनी सियाला ओढलं आणि त्यांच्यासमोर तिच्या गालाचा मुका घेतला. "खारट लागते, सायेब. सहा वर्सं झाले घेऊन राह्यली मी. मले झाला काय खोकला? अन् हे एकट्या सुनेकडून नाही आलं. माह्या लेकाकडून बी आलं. लिवा तुमच्या वहीत."
शिपाई, दोन बाया, सगळे ऐकत होते.
मु.अ.नी पान घेतलं. म्हणाले, वर विचारून सांगतो. तोवर वर्गात नको, व्हरांड्यात बसवा.
व्हरांड्यात! चीड आली, पण उठवली नाही. सियाने दाराशी उभं राहून तिथूनच कविता म्हटली. मध्ये दोनदा खोकली, आत कुणी हसलं, तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटली.
उद्याही जाणार आहोत. आ.बाईंनी आत्ताच विचारलं, कॅप्सूल डब्याच्या आधी की नंतर.