उतरंडीतले मधले मडके

सोलापूर, १९७४

चि. शिवपुत्र यास गुरुलिंगमामाचे आशीर्वाद. तुझी आणि तुझ्या त्या कॉम्प्युटरची, दोघांचीही प्रकृती ठणठणीत असावी. इकडचे क्षेम खाली वाच.

तुझ्या पत्राच्या मी परवा गिरणीच्या दारावरच्या सभेत चिंध्या केल्या (शब्दांनी, कागद शाबूत आहे). म्हणे कॉम्प्युटरचा सगळा कारभार हाकणारी ती ऑपरेटिंग सिस्टिम थराथरांनी रचतात. प्रत्येक थराने फक्त आपल्या लगतच्या खालच्या थराशी बोलायचे. त्याखाली काय गोंधळ चालतो ते वरच्याला कळूच द्यायचे नाही. व्वा! माणसे पिढ्यानपिढ्या उतरंडी फोडत आली आणि तुम्ही पदवीधरांनी विजेवर चालणारी नवी रचलीत! मालक मॅनेजरशी, मॅनेजर जॉबरशी, जॉबर मागावरच्या माणसाशी. एवढे शिकायला जाडी पुस्तके कशाला? आमच्या गिरणीत यायचेस.

टाळ्या पडल्या. त्या डोक्यात घेऊन घरी आलो, तर तेच यंत्र माझ्या घरात चालू! तुझी मामी चुलीपासून सूनबाईला सांगते, सूनबाई सासऱ्याशी बोलत नाही म्हणून माझ्या लेकीला, विजयमालाला सांगते, आणि विजयमाला मला, "आप्पा, चला, ताट वाढलंय." मी तिथेच जाहीर केले, या घरातले मधले थर आजपासून रद्द. सूनबाईला समोर बोलावून विचारले, तुझी सासू नेमके काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांग. बिचारी पदर सावरून, खाली बघत म्हणाली, "आत्याबाई म्हनल्या, आलं व्हय बोंबलून? वाढा की. तोंडात घास आसला म्हंजी तेवडंच गप बसतंय."

शिवपुत्र, इतकी वर्षे हेच वाक्य माझ्यापर्यंत "चला, ताट वाढलंय" होऊन पोचत होते!

मग मीही थेट बोललो. चुलीपुढे, सभेच्या आवाजात. आमटीपासून निघालो तो तिच्या माहेरापर्यंत पोचलो (वक्त्याला विषयांतर आवरत नाही). सकाळी मामी त्याच माहेरी, अक्कलकोटला निघून गेली. उतरंडीतले मधले मडके तेवढे काढले होते मी. तत्त्व जिंकले, घरात मात्र कोणी बोलत नाही. विजयमाला ताट आपटते, त्यावरून जेवणाची वेळ कळते.

तुझ्या थरांचा जाहीर निषेध.

तुझा मामा,
गुरुलिंग

ता. क. मामीला थेट लिहू नकोस. होटगीला तुझ्या आईला लिही. ती मामीच्या वहिनीला सांगेल, वहिनी मामीला. निरोप एवढाच: "लई झाला तोरा. निमूट घरी ये."

ता. क. दुसरा. हे वाक्य तिच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचे काय व्हायला हवे, ते तुम्हा थरवाल्यांना कळतेच.