दोरीबाहेरचा आवाज

मुंबई, ९ नोव्हेंबर १९७१

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही आणलेले वहिनींचे लाडू खोलीतल्या पोरांनी उडवले. मला दोनच मिळाले, पण त्यांना चार सांगा.

आता वाईट बातमी. रविवारी तुमच्यादेखत मी समोरच्या गड्याला ठोसा मारला, त्याची चौकशी लागली आहे. काल सेक्रेटरींनी बोलावलं होतं. मला वाटलं होतं, सामन्यातून बाहेर काढलं तेवढ्यावर भागेल. पण गिरणीच्या फुटबॉल संघात घेताना सहीबद्दल मला जी रक्कम दिली, तिच्या करारात लिहिलंय की खेळाडूने गैरवर्तन केलं तर ती परत द्यायची आणि संघातून नावही कमी. सहीच्या घाईत मी ते वाचलंच नाही. त्या पैशाचं तर आपल्या विहिरीवरचं इंजिन झालं. बावीस तारखेला कमिटी निकाल देणार आहे.

चूक माझी एकट्याची. तुमचं नाव मी मध्ये येऊ दिलेलं नाही. सामन्यानंतर तुम्ही न भेटताच गेलात, एस.टी. चुकत असेल. आईला यातलं काही सांगू नका.

वहिनींना नमस्कार. तुमची माया पाठीशी असू द्या.

आपला,
मच्छिंद्र


सोनई, १३ नोव्हेंबर १९७१

चि. मच्छिंद्र यास सूर्यभानचे अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. कांद्याला पाणी चालू आहे. तुझी वहिनी म्हणते, चार लाडवांवर भागवणारा मच्छिंद्र आमचा नव्हे.

एस.टी. चुकत नव्हती, मच्छिंद्र. तुला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून पळालो. यात्रेतल्या कुस्त्या बघत मोठा झालेला मी. आखाड्याच्या कडेला बसून आपल्या गड्याला चेव आणायचा, खेळ बघायची दुसरी रीतच मला ठाऊक नाही. त्याने तुझ्या नडगीवर लाथ घातली आणि मी मैदानाच्या दोरीला लोंबकळून, मच्छ्या, हान त्याला, म्हणून ओरडलो. तू वळून माझ्याकडे पाहिलंस आणि मगच मारलंस. तू माझा शब्द कधी मोडत नाहीस, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. घरी येऊन आईला सांगितलं, मच्छिंद्र झकास खेळला.

एवढं होऊन तू मलाच पाठीशी घातलंस, हे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. राहात्याचं एक गिऱ्हाईक इंजिन बघून गेलंय. त्याचे पैसे घेऊन बावीसला येतो आणि कमिटीला सांगतो, चिथावणारा मी. तुझा खेळ माझ्यापायी बुडू नये.

थोरल्यावर जीव आहे तसाच ठेव.

तुझा,
सूर्यभान


मुंबई, १७ नोव्हेंबर १९७१

तीर्थरूप दादांना मच्छिंद्रचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुम्हाला पाठीशी घातलेलं नाही.

त्या दिवशी सेक्रेटरींनी विचारलं, की दोरीपाशी कोणीतरी तुला चिथावत होता, तो तुझ्या ओळखीचा असेल तर सांग, शिक्षा हलकी होईल. तेवढ्यात त्यांच्याशेजारचे गृहस्थ म्हणाले, तो फेटेवाला काय, जत्रेला आल्यासारखा नाचत होता. सगळे हसले. दादा, मीही हसलो. म्हणालो, असेल कोणी खेडूत, मी नाही ओळखत.

मला नगरच्या बोर्डिंगात घालता यावं म्हणून तुम्ही शाळा सोडून औत धरलंत. तिथेच मी हा खेळ शिकलो. आणि चार पाटलोणवाल्यांसमोर मला तुमच्या फेट्याची लाज वाटली. ठोशाची शिक्षा मी भोगीन, या हसण्याचं काय करू ते कळत नाही.

इंजिन विकू नका. संघात राहो न राहो, गिरणीतल्या कामाच्या माझ्या पगारातून पैसे कापून घ्या, असा अर्ज मी दिला आहे. पण बावीसला याच. मी फाटकाशी उभा राहीन. मीच तुम्हाला आत नेईन आणि हे माझे दादा, असं त्या सगळ्यांसमोर सांगेन. मग नाव राहो की जावो.

वहिनी म्हणतील, मुंबईला जाताय तर टोपी घाला. ऐकू नका. फेटा बांधूनच या.

हवं तेवढं रागवा, पण मला परका करू नका.

तुमचा,
मच्छिंद्र